छाटणीतले लाकूड गल्लीतल्या घरांना सरपण म्हणून फुकट द्यावे का?

मांजराकाठ (लातूर)

पावसाळा तोंडावर आला की आपल्या शहरांत महावितरणची माणसे तारांना टेकलेल्या फांद्या तोडतात आणि पालिकेचे कंत्राटदार रस्त्यावर झुकलेल्या किंवा वाळलेल्या फांद्या उतरवतात. पाला आणि बारीक डहाळ्या गटारीच्या कडेला कुजत पडतात. मनगटाहून जाड असलेले सगळे लाकूड मात्र ट्रॅक्टरमध्ये भरून वखारीत, वीटभट्टीवर किंवा एखाद्या कारखान्याच्या बॉयलरकडे जाते. त्याच गल्लीत चूल पेटवणारी घरे असतात आणि त्यांच्या वाट्याला त्यातले काहीही येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की छाटणीची मजुरी पालिकेने कंत्राटदाराला पूर्णपणे रोखीने द्यावी आणि फांद्यांचे लाकूड जिथे तोडले तिथेच, गरज असलेल्या घरांना विनामूल्य वाटावे. लातूर जिल्ह्यात जंगल जवळजवळ नाहीच. खेड्यात पूर्वी तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वर्षाचे जळतन निघत असे, परंतु सोयाबीनने शिवार व्यापल्यापासून तीही सोय आटली आहे, कारण सोयाबीनचे भुसकट चुलीत क्षणभर भडकते आणि विझते. शहरातल्या वस्तीत तर शेतच नसल्यामुळे तुराट्या नाहीत आणि गोवऱ्याही विकतच घ्याव्या लागतात.

ब्रिटनमध्ये झाडांची छाटणी हा स्वतंत्र, प्रशिक्षित व्यवसाय आहे. तोडलेले लाकूड टाकून येण्यासाठी तिथल्या कारागिरांचा पैसा आणि वेळ दोन्ही खर्च होतात, म्हणून अनेकदा ते मागणाऱ्याच्या दारात ओंडके फुकट उतरवून जातात. आपल्याकडे ही व्यवस्था का होऊ नये, यावर सर्वांनी मत द्यावे.

दुधनाकाठ (जालना)

होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे पहिले कारण आपण दिलेल्या उदाहरणातच आहे. ब्रिटनमधल्या कारागिराला लाकूड हे ओझे वाटते, म्हणून तो ते फुकट देतो. आपल्याकडे लाकडाला गिऱ्हाईक तयार असते. जी वस्तू विकली जाते ती फुकट वाटायची म्हणजे तिच्यावर पहारा ठेवावा लागेल, आणि तो पहारा कोणती पालिका ठेवणार आहे?

दुसरे कारण मातीचे आहे. मी मोसंबीचा बागायतदार आहे आणि उन्हाळ्यात बाग वाचवणे म्हणजे काय असते हे जालन्यात कोणाला सांगावे लागत नाही. फांद्यांचा यंत्रावर भुगा करून झाडाच्या आळ्यात जाड थर दिला, तर जमीन तापत नाही आणि ओल टिकते. हा भुगा मातीत मिसळू नये, कारण तो कुजवताना जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळे पडते. वरच्या वर अंथरला तर हा त्रास होत नाही. ज्या प्रदेशात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे मातीतली ओल धरून ठेवणारी वस्तू जाळून टाकणे मला पटत नाही.

शिवाय धुराचे काय? घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फुकट सरपण देणे म्हणजे बाईला पुन्हा त्या धुरात बसवणे होय.

पूर्णाकाठ (परभणी)

दुधनाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला मी उत्तर देते, कारण माझ्या घरी गॅस आहे आणि चूलही आहे. आमच्या वस्तीत बहुतेक घरी असेच आहे. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून शेगडी आणि पहिला सिलिंडर घरात आणला, पण भरलेला सिलिंडर पुढच्या महिन्यालाही परवडेलच असे नाही. म्हणून भाजी आणि चहा गॅसवर होतो, तर अंघोळीचे पाणी, भाकरी आणि पाहुण्यारावळ्यांचा मोठा स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर होतो. सरपण मिळाले नाही म्हणून चूल बंद पडत नाही. त्या दिवशी चुलीत प्लास्टिक, रबर आणि जुन्या चपला जातात. त्या धुरापेक्षा कोरड्या बाभळीचा धूर केव्हाही बरा, आणि हे मी चुलीपुढे बसणारी बाई म्हणून सांगते.

हिशेबही मांडून पाहावा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल उष्णता असते आणि शेगडीवर त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते. कोरड्या लाकडात किलोमागे पंधरा-सोळा मेगाज्यूल असतात, परंतु साध्या चुलीत त्यातला जेमतेम सातवा-आठवा हिस्सा कामी येतो. म्हणजे एका सिलिंडरएवढे काम करायला पावणेदोन ते दोन क्विंटल कोरडे लाकूड लागते. एका मोठ्या कडुनिंबाच्या छाटणीत एवढे लाकूड निघू शकते, आणि ते ज्या घराला मिळेल त्याचा एक सिलिंडर वाचतो. गरीब घरात ही रक्कम लहान नसते.

पण लाकूड कोरडे हवे, यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. ताज्या फांदीत वजनाने निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते उडवण्यातच आच संपते आणि डोळ्यांची आग होते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या सरपणात ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा लागतो. फुकट मिळालेल्या लाकडाला मात्र असा नियम लागत नसल्यामुळे ते वाळवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते. आपल्याकडचे ऊन या कामाला फार उपयोगी आहे. लाकूड हातभर लांबीचे तोडून, जाड असेल तर पाचर मारून चिरून, विटांवर किंवा दगडांवर जमिनीपासून उचलून आडवे-उभे रचले आणि वारा खेळता ठेवला, तर मार्च-एप्रिलमधली छाटणी रोहिणी बरसेपर्यंत बरीचशी वाळते. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला की लाकूड झाले असे समजावे. भिंतीला टेकवून मात्र रचू नये, कारण वाळवी घरात शिरते. आणि ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवावे, कारण विंचू आणि फुरसे तिथेच दडतात.

कोणते लाकूड घ्यावे हेही सांगते. बाभूळ, बोर आणि चिंच यांचा निखारा टिकतो, मात्र चिंच चिरताना घाम काढते. कडुनिंब चांगला जळतो. गुलमोहर हलका असतो, धूर फार करतो आणि लवकर संपतो, तर शेवगा आणि पांगरा घेण्यात अर्थ नाही. कण्हेरीचे लाकूड कितीही वाळले तरी चुलीत घालू नये. तिचा धूरसुद्धा विषारी असतो. वड-पिंपळ आमच्याकडे कोणी जाळत नाही, तेव्हा ती लाकडे दुधनाकाठ यांनी बागेसाठी खुशाल न्यावीत.

सावलीवाट (छत्रपती संभाजीनगर)

पूर्णाकाठ यांनी लिहिलेले वापराच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे, तरीही माझा मूळ प्रस्तावाला विरोध आहे आणि तो झाडाच्या बाजूने आहे. लाकडाला गल्लीत वाटेकरी निर्माण झाले की छाटणीला गल्लीतूनच मागणी येऊ लागेल. आज एखादी फांदी तोडू नका म्हणणारे शेजारी उद्या ती तोडा म्हणतील, कारण तिच्यात त्यांचे महिन्याभराचे सरपण दिसेल.

१९७५ च्या महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांच्या झाडविषयक अधिनियमात झाड तोडणे या संज्ञेत झाड जाळणे, कापणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सर्व येते, आणि त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. कायदा इतका स्पष्ट असूनही आपण रस्त्यावर काय पाहतो? फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर कंगोरा असतो. त्याच्या जरा बाहेर स्वच्छ काप घेतला तर जखम भरून येते. आपल्याकडे कुऱ्हाडीने अर्धवट तोडून साल खोडापर्यंत सोलली जाते किंवा सगळा शेंडा उतरवून बोडका खुंट उभा ठेवला जातो, आणि त्या जखमांतून कुज व वाळवी आत शिरते. मराठवाड्याच्या मे महिन्यात एका शिरीषाची सावली किती माणसांना आणि हातगाड्यांना आधार देते, हे त्या ओंडक्यांच्या किमतीत कुठेही धरलेले नसते.

गोदातीर (नांदेड)

मी छाटणीच्या कामावर मुकादम आहे. इथे अजून कोणी मजुरांचे नाव घेतलेले नाही. झाडावर चढणारा माणूस दोर आणि कुऱ्हाड घेऊन तारांजवळ जीव धोक्यात घालतो आणि संध्याकाळी एक मोळी घरी नेतो. ती मोळी त्याच्या मजुरीचाच भाग समजली जाते. आपण गल्लीला फुकट वाटणार असाल, तर त्याच्या घरची चूल कशावर पेटणार आहे?

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर यांचा प्रश्न सर्वांत आधी घेतो. मजुराची मोळी पहिल्यांदा बाजूला काढावी आणि उरलेले वाटावे, असे नियमातच लिहावे. ती त्याला मुकादमाच्या मर्जीने मिळू नये. त्याची मजुरी मात्र लाकडाच्या आशेवर कमी ठरवू नये.

सावलीवाट यांनी दाखवलेला धोका खरा आहे, परंतु तो आजच्या पद्धतीत अधिक आहे. कंत्राटदाराची कमाई जाड लाकडात असेल, तर तो तारेला लागलेली अंगठ्याएवढी डहाळी सोडून मांडीएवढी फांदी उतरवणारच. लाकूड त्याच्या हातून गेले की जास्त तोडण्याचा त्याचा हेतूही जातो. गल्लीच्या लोभावर उपाय असा की ज्या घराच्या अर्जावरून छाटणी झाली त्या घराला त्या झाडाचे लाकूड मिळू नये, मनगट ते मांडी एवढेच लाकूड वाटावे, आणि पूर्ण झाड परवानगीने तोडले गेले तर त्याचे खोड मोजून पालिकेने स्मशानभूमीच्या लाकूडसाठ्यात जमा करावे. एका चितेला तीन-चार क्विंटल लाकूड लागते आणि गरीब घराला ते विकत घेणे जड जाते. पाला आणि डहाळ्या यांचा भुगा करून दुधनाकाठ यांच्यासारख्या बागायतदारांना द्यावा. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

सावलीवाट (छत्रपती संभाजीनगर)

अर्जदार घराला वगळण्याची अट मला मान्य आहे, पण शेजाऱ्याच्या नावाने अर्ज करणे कोणी थांबवू शकणार नाही, म्हणून माझा विरोध मी मागे घेत नाही. सरपणाची गरज भागवायची असेल तर कालव्यांच्या आणि नदीपात्रांच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ आधी काढावी. तिचे लाकूड जळायला उत्तम आहे आणि तिच्या जाण्याने गवताला व देशी झाडांना जागा मिळेल. ती बुडख्यापासून पुन्हा फुटते, त्यामुळे मुळासकट खणावी लागेल आणि ते काम रोजगार हमीतून मागता येईल. रस्त्यावरच्या कडुनिंबावर मात्र कोणाच्याही चुलीची नजर नको.

पूर्णाकाठ (परभणी)

वेडी बाभूळ काढा, मी स्वतः मोळी वाहायला येईन. परंतु तिचे काटे पायात मोडले तर आठवडाभर ठणकतात, तेव्हा खणणाऱ्यांना जाड तळव्याचे बूट आधी द्यावेत, आणि ते काम सुरू होईपर्यंत आमच्या गल्लीत उतरवलेल्या फांद्या वीटभट्टीवर का जाव्यात, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.