नातवंडांना हयातीतच पैसे द्यायचे आहेत, कर कोणाच्या माथी बसेल?

प्रश्न, कोथरूडकर:
वय ७२. पेन्शन आणि व्याज मिळून उत्पन्न वर्षाला ७ लाख, नवी करप्रणाली. मुलगा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. सून, विवाहित मुलगी, शिकणारा नातू (१९) आणि नात (८). माझी १५ लाखांची एफडी आहे, इक्विटी फंडात ४ लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा आहे, शिवाय राहता फ्लॅट. कोणाला काय द्यावं?

उत्तर, करगणित:
काका, मुला-नातवंडांना मिळालेल्या भेटीवर कर नाही, रक्कम कितीही असो. ५०,००० ची मर्यादा परक्यांकडून आलेल्या भेटीला. खरा प्रश्न पुढच्या कमाईचा: ती कोणाच्या उत्पन्नात धरली जाते?

एफडी करासाठी मोडू नका. तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने सवलतीमुळे व्याजावर आजही कर शून्यच आहे. ती सवलत इक्विटीच्या नफ्याला मात्र मिळत नाही. तुम्ही सगळे युनिट एका वर्षात विकलेत तर १.२५ लाख वगळून २.७५ लाखांवर १२.५ टक्के, म्हणजे सेससह ३५,७५० रुपये जातील. तेच युनिट नातवाला द्या. तो सज्ञान आहे, त्यामुळे नफा त्याचाच. दुसरं उत्पन्न नसेल तर १.२५ लाखांवरचा भाग त्याच्या ४ लाखांच्या मूळ करमुक्त मर्यादेत बसतो आणि कर शून्य. खरेदीची किंमत आणि तारीख तुमचीच धरतात, म्हणून जुनी स्टेटमेंट त्याला द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी विकून मग पैसे देणं. मग नफा तुमचाच ठरतो. डीमॅटमधून ऑफ-मार्केट हस्तांतरण करा, म्हणजे युनिट न विकता थेट त्याच्या खात्यात पाठवा, आणि कारणाच्या रकान्यात ‘भेट’ लिहा. आणि विक्रीचे पैसे परत तुमच्या खात्यात येऊ देऊ नका, नाहीतर भेट कागदापुरतीच ठरेल.

नातीचं वेगळं. अज्ञान मुलाचं उत्पन्न आई-वडिलांपैकी जास्त कमावणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. तिच्या नावे १५ लाख ७ टक्क्यांनी ठेवलेत तर १,०५,००० व्याजावर मुलाला ३२,७६० कर. त्यापेक्षा सुकन्या समृद्धी: व्याज करमुक्त, वर्षाला १.५ लाखांपर्यंत, १५ वर्षं भरायचे. खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडता येतं, तेव्हा वेळ घालवू नका. आजोबा कायदेशीर पालक नसतील तर खातं आई-वडिलांनीच उघडावं लागतं. पैसे तुम्ही मुलाला द्या.

सुनेला दिलेल्या पैशाचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात मिळवतात. तो मार्ग सोडा.

उत्तर, दस्तनोंदणी:
फ्लॅटसाठी नोंदणीकृत बक्षीसपत्रच लागतं, दोन साक्षीदारांसह. साध्या कागदावर मालकी बदलत नाही. मुलगा, मुलगी, नातू, नात यांना राहतं घर दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये. महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा, तो दुय्यम निबंधक कार्यालयात मूल्यांकनावरून काढून घ्या. हयात मुलाची पत्नी, म्हणजे तुमची सून, या यादीत नाही; यादीत फक्त दिवंगत मुलाची पत्नी येते. दुकान असेल तर मुलांनाही ३ टक्के. नोंदणीनंतर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) घेऊन सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मिळकतकरावरचं नाव बदला. हे राहून जातं आणि विक्रीच्या वेळी अडतं.

बक्षीसपत्रात तुमचा आणि काकूंचा तहहयात राहण्याचा हक्क लिहाच, आणि देखभालीची अटही. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागायचा तर त्या अटीवरच दावा उभा राहतो. नुसतं ‘प्रेमापोटी देत आहे’ लिहून सही करू नका.

कोथरूडकर: रोख दिली तर?

करगणित: एका व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणजे नातवाला. बँकेतूनच पाठवा.