जांभळ्या मक्याचा मुरघास: कापणी कधी, आणि रंग टिकतो का?

प्रश्न: अर्धा एकर जांभळा मका दाणे भरायच्या अवस्थेत आहे. दुभत्या गाईंसाठी मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) घालायचाय. पिवळ्या मक्यात दाण्यावरची दुधाची रेघ (पिठूळ आणि दुधाळ भागांमधली सीमा) बघून कापणी धरतो, इथे ती दिसतच नाही. कधी कापावा? मुरताना रंग उडतो का? गाईला त्याचा काही उपयोग?

प्रतिसाद १: दाण्याची साल गडद असल्याने रेघ बाहेरून कळणार नाही. कणसाच्या मधले पाच-सहा दाणे काढून ब्लेडने उभे चिरा. वरचा पिठूळ भाग निम्म्याखाली उतरून फक्त टोकाशी दूध राहिलं की कापा. कुट्टी (मक्याचे बारीक तुकडे) मुठीत अर्धा मिनिट दाबून सोडा. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर राहिला, तर ओलावा बरोबर आहे (कोरडा भाग 30 ते 35 टक्के). बोटांतून जांभळं पाणी ठिबकलं तर थांबा. हा रंग, म्हणजे अँथोसायनिन, पाण्यात विरघळतो. ओला मका भरलात तर तो रसाबरोबर वाहून जाईल, साखरही जाईल. कणसं मात्र विकायला तोडू नका. दाण्यांखालच्या बुरकुंडात रंग भरपूर असतो.

प्रतिसाद २: आम्लात हा रंग टिकतो. सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4 च्या आसपास उतरला की कुट्टी लालसर दिसते, ते चांगलं लक्षण. रंग मारते ती हवा. म्हणून कुट्टी 1 ते 2 सेंमी, थर अर्धा फुटाचा, प्रत्येक थर दाबून मगच पुढचा. घनमीटरला 650 किलोच्या आसपास बसला पाहिजे. युरिया टाकू नका, सामू वर राहतो. गूळही नको, मक्यात साखर पुरेशी असते. 45 दिवस उघडायचं नाही.

प्रतिसाद ३: दूध वाढेल या आशेने करू नका. जपानमध्ये दुभत्या गाईंवर झालेल्या चाचणीत रक्तातलं एएसटी हे यकृताशी निगडित एन्झाइम कमी झालं. फायदा दिसतो तो असा, यकृतावरचा आणि शरीरातला ताण कमी होण्याच्या बाजूने. पण त्याच चाचणीत पचनीयता आणि दूध साध्या मक्याच्या मुरघासापेक्षा कमी भरलं, तेव्हा पोषण त्याच्याइतकंच धरू नका. 5 किलोपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत 15 ते 20 किलोवर न्या, सोबत सुका चारा हवाच.

एक धोका याच मक्यात जास्त: गुलाबी बुरशी रंगात लपते. रंगावर विसंबू नका. कुट्टी एकमेकांना चिकटून गठ्ठा झालाय का, गरम लागतेय का, कुबट वास येतोय का ते बघा. तसा भाग आजूबाजूच्या वीतभर कुट्टीसकट टाकून द्या, गाभण गाईला तर अजिबात नको.