मदत हवी आहे : भावाचा 'नायटा' सिफिलिस निघाला

मी ऐरोलीला राहते. धाकटा भाऊ २७ वर्षांचा, नोकरी महापेला. जूनमध्ये त्याच्या गालावर, मानेवर गोल चकत्या उठल्या. कडा उंच, मध्ये साफ. पावसाळ्यात आमच्याकडे घरोघरी नायटा, म्हणून डॉक्टरांनी मलम दिलं. दोन महिने लावलं. मग तळहात-तळपायांवर तांबूस डाग आले, डोक्यावरचे केस ठिकठिकाणी विरळ झाले. खाज मात्र अजिबात नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

वाशीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तळहात बघताच व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाची रक्तचाचणी करायला सांगितली. ती निगेटिव्ह! त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी लॅबला नमुना पातळ करून पुन्हा तपासायला लावला, तेव्हा १:१२८ पॉझिटिव्ह, म्हणजे १२८ पट पातळ केला तरी पॉझिटिव्ह. टीपीएचए ही सिफिलिसची खात्रीची चाचणीही पॉझिटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह.

काल बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन झालं, २४ लाख युनिट. रात्री हुडहुडी भरून १०२ ताप, डाग आणखी लाल. ही अ‍ॅलर्जी का? एवढ्या एका डोसने बरं होतं? दिवाळीनंतर त्याचं लग्न आहे. आईला काही माहीत नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मला त्याला बोल लावायचा नाही, फक्त तो बरा व्हायला हवा.

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ, ठाणे)
ताई, जंतू एकदम मरतात तेव्हा असा ताप येतो, बहुधा दिवसभरात उतरतो. पॅरासिटामॉल द्या. धाप लागली, ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या तर मात्र ती अ‍ॅलर्जी, लगेच हॉस्पिटल गाठा.

अशा पुरळाच्या अवस्थेत एक डोस पुरतो. लागण वर्षाहून जुनी असेल किंवा कधीची ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन. पहिली चाचणी फसली कारण रक्तात अँटिबॉडी (जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) फार होत्या; त्या अति झाल्या की नमुना पातळ केल्याशिवाय चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बाईंनी नेमकं ओळखलं. ६ आणि १२ महिन्यांनी व्हीडीआरएल करा, आकडा १:३२ किंवा त्याखाली यायला हवा. टीपीएचए जन्मभर पॉझिटिव्ह राहू शकते, त्याची धास्ती नको. एचआयव्ही तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

होणाऱ्या बायकोशी संबंध आला असेल तर चाचणी निगेटिव्ह आली तरी तिलाही औषध लागू शकतं, म्हणून लपवू नका. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) समुपदेशक दोघांशी बोलतात, तिथे तपासणी-औषध मोफत. १०९७ या एड्स हेल्पलाइनवरही विचारता येतं.

ऐरोलीची ताई
पहाटे ताप उतरला. शनिवारी होणाऱ्या बायकोला सगळं सांगणार म्हणतोय. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाला, "ये, पण बाहेर थांब."