जुना डी४ डोझर: उजवीकडे वळतच नाही, डावा क्लच लोडला घसरतो

माळरान_७२
नमस्कार मंडळी. आमच्याकडे कॅटरपिलरचा जुना डी४ आहे, ७यू सिरीजचा, म्हणजे आधी पेट्रोलचं छोटं इंजिन चालू करायचं आणि मग त्याच्यावर डिझेल इंजिन फिरवायचं तो. काकांनी लिलावात घेतलेला, सपाटीकरणाला आणि बांध घालायला वापरायचे. दोन पावसाळे लिंबाखाली नुसता उभा होता, वर ताडपत्री होती पण ती कधीच फाटली. आता चालू केला, इंजिन बेस्ट आहे. पण उजवीकडे वळायचा लिव्हर पूर्ण ओढला तरी गाडी सरळच जाते, ब्रेक दाबला की इंजिन बसायला लागतं. डावीकडे वेगळीच तऱ्हा, मोकळी चालवली तर छान वळते पण ब्लेडपुढे मुरूम साठला की डावी चेन थांबते आणि गाडी आपोआप डावीकडे तोंड फिरवते. मिस्त्री म्हणतो दोन्ही बाजूच्या क्लचच्या प्लेटा गेल्या, सगळं उतरवून नवीन टाका. खर्च ऐकून काका गप्पच झाले. खरंच एवढं करावं लागेल का?

फिटरकाका
बाळा, मिस्त्रीला म्हणावं जरा थांब. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तो एकच औषध देतोय. उजवीकडचा क्लच सुटत नाही, डावीकडचा धरत नाही.

आधी समजून घे. मधल्या खणात बेव्हल गिअर असतो, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही बाजूंना वळवणारा, त्याच्या दोन्ही बाजूला एकेक क्लच आणि त्याच्या पलीकडे फायनल ड्राइव्ह, म्हणजे चेन फिरवणारे शेवटचे गिअर. क्लच स्प्रिंगच्या जोराने कायम धरलेला असतो, लिव्हर ओढला की सुटतो. ७यू चे क्लच कोरडे, त्यात तेल जाता कामा नये. तुझा उभा राहून गंजलाय, लोखंडी प्लेटा आणि लायनिंग (घर्षणाचा थर) एकमेकांना चिकटलीत, म्हणून लिव्हर ओढूनही ताकद पुढे जातेच आणि ब्रेक दाबल्यावर इंजिन बसतं. लिव्हरच्या फटीतून पाणी आत जातं, ताडपत्री फाटली म्हणालास ना, तिथंच उत्तर आहे.

डावीकडे काही उघडायच्या आधी दोन गोष्टी बघ. एक, लिव्हरला वर टोकाशी मोकळी चाल किती आहे. लायनिंग झिजत जाईल तशी ही चाल कमी होत जाते, उलटं वाटतं पण तसंच आहे. चाल शून्य झाली की क्लच सोडवणारं बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि क्लच अर्धवट सुटलेला, मग लोडला घसरणारच. आमच्याकडे आम्ही दोन-तीन इंच ठेवायचो, तू मॅन्युअलचा आकडा बघ. दोन, क्लचच्या खणाला खाली ड्रेन प्लग असतो तो उघड. नुसती काळी धूळ पडली तर ठीक. तेल आलं तर सील गेलंय, आणि सील न बदलता नवीन प्लेटा टाकल्यास तर त्यापण तेलात भिजणार, पैसे पाण्यात.

डीऐंशी_ऑपरेटर
कोरडा वगैरे काही नसतं हो काका, मी बीईएमएल कंपनीच्या डी८० डोझरवर बारा वर्षं काढली, त्यात क्लच तेलातच असतात आणि तेलाच्या प्रेशरने सुटतात. स्ट्रेनर म्हणजे तेलाची गाळणी साफ करा, तेल भरा, होईल चालू.

फिटरकाका
तुमचा डी८० कोमात्सूच्या परवान्यावर बनलेला, तो ओल्या क्लचचा. तुमचं तुमच्या गाडीसाठी बरोबरच आहे. त्याच्यात दोन्ही बाजू एकदम सुटेनात तर पंप, स्ट्रेनर, तेलाची लेव्हल बघायची, एकच बाजू बिघडली तर त्या बाजूचा व्हॉल्व किंवा पिस्टनचं सील. आणि त्या केसमध्ये कुणी ९० नंबरचं घट्ट गिअर ऑइल ओतलं की प्लेटा नीट सुटत नाहीत, हे मी चार ठिकाणी पाहिलंय. पण ही जुनी गाडी वेगळी, हिच्या क्लचच्या खणात तेल भराल तर दोन्ही बाजू घसरायला लागतील.

डीऐंशी_ऑपरेटर
बरोबर काका, मी गाडी न बघताच बोललो.

मुरूमवाला_भाऊ
चिकटलेला क्लच आम्ही न उघडता सोडवलाय, आमचा पण असाच दोन वर्षं उभा होता. मोकळं सपाट रान घ्यायचं, आजूबाजूला कुणी माणूस, विहीर, विजेचा खांब नको. गाडी अर्धा तास चालवून गरम करायची, मग पहिल्या गिअरमध्ये ब्लेडला थोडा लोड देऊन उजवा लिव्हर पूर्ण ओढून दोरीने मागे बांधायचा आणि उजवा ब्रेक झटक्या झटक्याने दाबायचा. दाबून धरून ठेवू नको, ब्रेकचा बँड जळेल. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही, रात्रभर लिव्हर बांधूनच ठेवला, दुसऱ्या दिवशी दुपारी खाडकन आवाज आला आणि गाडी वळली, आम्ही तर घाबरलोच काहीतरी तुटलं म्हणून 😄

तेलकट क्लच धुण्याची पण जुनी पद्धत आहे, खणात रॉकेल टाकायचं, गाडी थोडा वेळ सरळ पुढं-मागं चालवायची, मग गरम असतानाच सगळं सोडून द्यायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. पेट्रोल चुकूनही नको. तिथं विडी पेटवणारा नग प्रत्येक गावात एक असतोच.

फिटरकाका
भाऊंनी सांगितलं ते करून बघ. सुटला आणि तरीही वळताना अडखळत असेल तर प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रमच्या दात्यांवर खाचा पडल्या असतील, प्लेटांच्या कडा त्यात अडकतात. मग उघडावंच लागेल.

उघडायची वेळ आलीच तर: सीट, मागची डिझेल टाकी, वरचं झाकण काढून चेनपुलीने वरून उचलता येतं. पण स्प्रिंग दाबलेल्या असतात, एकेक बोल्ट पूर्ण काढत बसू नको, लांब बोल्ट लावून सगळीकडून सारखं सारखं ढिलं कर. माझ्या ओळखीच्या एका पोराचा दात गेला असाच. आणि आतलं सील बदलायला हब काढावं लागतं, ते टेपरवर म्हणजे निमुळत्या दांड्यावर असं बसलेलं असतं की घणाने हलत नाही, आणि घण मारूच नये. हायड्रॉलिक जॅकचा पुलर पाहिजे.

ढोबळी_मिरची
मी शेतकरी, डोझरवाला नाही, पण एक सांगतो. आमच्या उतारावर ऑपरेटर म्हणाला क्लच उलटा झालाय, उजवा ओढला की गाडी डावीकडे जाते. गॅरेजला पण नेणार होता.

मुरूमवाला_भाऊ
हाहा, तो बिघाड नाही. उतारावर गाडीचं वजनच गाडीला ढकलत असतं. उजवा क्लच सोडला आणि ब्रेक लावला नाही की उजवी चेन मोकळी धावते आणि डावीला इंजिन धरून ठेवतं, मग डावीकडेच वळणार. उतारावर लिव्हर ओढताना त्याच बाजूचा ब्रेक सोबत पाहिजे. माळरान, नवीन ऑपरेटर ठेवलास तर हे पहिल्या दिवशी सांग.

माळरान_७२
मंडळी, अपडेट. उजवा तिसऱ्या दिवशी सुटला!! काका स्वतः ब्रेकवर बसले होते, वय ६८, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. अजून थोडं अडखळतंय पण वळतंय.
डावीकडे लिव्हरला चाल होती व्यवस्थित, पण प्लग उघडला तर अर्धा लिटर तरी काळं तेल पडलं. आता हे तेल कुठून येतंय कसं ओळखायचं?

फिटरकाका
मधल्या खणातून तरी येतं नाहीतर फायनल ड्राइव्हमधून. दोन्हीकडची लेव्हल आज नीट भर, काडीवर खूण कर, आणि पाच-सहा तास काम करून परत बघ. जिकडची उतरली तिकडचं सील. तोवर ग्रीसगनवाल्या पोराला पण विचार, सुटायच्या बेअरिंगला किती ग्रीस मारतो ते. जास्त मारलं की तेपण प्लेटांवर जातं.

माळरान_७२
फायनल ड्राइव्हच उतरलंय काका, जवळपास एक बोट. पोराला विचारलं, म्हणतो "बाहेर येईपर्यंत मारतो" 🤦 पुलर शोधतोय, तालुक्याला एका ट्रकवाल्या गॅरेजकडे मोठा आहे म्हणे. ऊस निघाला की उघडतो, फोटो टाकतो इथेच.