आई-बाबांना वस्तू द्यावी की कुठे फिरवून आणावं?

दांडियाबाजारकर
पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. बहीण म्हणते, रिक्लायनर घेऊ. माझं मत, वस्तू नकोच. पोटमाळ्यावर दोन डिनर सेट खोक्यासकट पडलेत, सेलोटेपसुद्धा निघालेली नाही. त्यापेक्षा गाडी करून गरुडेश्वरला नेतो. टेंबे स्वामींची १९१४ सालची समाधी, खाली नर्मदा. बाबा दत्तभक्त, रोज स्वामींनीच रचलेली करुणात्रिपदी म्हणतात, पण तिथे जाणं नोकरीपायी राहूनच गेलं. येताना केवडियाचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा. आणि हो, उभा जन्म वडोदऱ्यात काढून आईने लक्ष्मीविलास पॅलेस फाटकाबाहेरूनच पाहिलाय. तोही दाखवायचा.

रावपुरा७२
साफ असहमत. हौस मुलांची, दमणूक आई-बापांची. आम्ही काकांना पावागडला नेलं. रोपवे आहे म्हणून निर्धास्त होतो, पण रोपवेतून उतरल्यावरही पायऱ्या उरतातच. काका मध्येच एका दुकानाच्या बाकावर टेकले, आम्ही वर जाऊन दर्शन घेऊन, फोटो काढून आलो. त्यांच्या वाट्याला काय आलं, तर लिंबू सरबत. रिक्लायनरवर माणूस रोज दुपारी पाय वर करून पेपर तरी वाचतो.

कारेलीबागची सून
डिनर सेट पडून राहिले कारण ते तुमच्या आवडीचे होते. मी सासूबाईंना घरघंटी घेऊन दिली. आता थालीपिठाची भाजणी घरीच दळतात आणि अख्ख्या सोसायटीत वाटतात.

दांडियाबाजारकर
म्हणजे भेट म्हणून कामच दिलंत! बायकांना मिक्सर, कुकर, घरघंटी. बाबांना कोणी वाढदिवसाला झाडू देतं का?

कारेलीबागची सून
तुम्ही डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभे राहिला नाहीत, म्हणून हे सुचतंय. आपल्या आधी कोणाची मिरची तर दळली नाही ना, हे विचारावं लागत नाही, यातलं सुख सासूबाईंना विचारा.

रावपुरा७२
झाडूचा मुद्दा मात्र पटला 😄 पण दांडियाबाजारकर, सोबत कोण जाणार? आमच्या शेजारच्यांच्या मुलाने परदेशातून सहलीचं बुकिंग करून दिलं. दोन म्हातारी माणसं आणि एक अनोळखी ड्रायव्हर. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, घरी चला.

दांडियाबाजारकर
मी स्वतः जाणार. रजा टाकलीय.

मांजलपूरचे मामा
रजा टाकलीत, पण बाबांना विचारलंत का? सुवर्णमहोत्सव म्हणजे घरात पाहुणे येणारच, आई त्या दिवशी पुरणाचा घाट सोडून गाडीत बसेल असं वाटत नाही. दुसरा दिवस धरा. नर्मदेचा घाट म्हटला की पायऱ्या आल्याच, तेव्हा नदीपर्यंत उतरायचा हट्ट नको. आणि सोमवार टाळा, पुतळा त्या दिवशी बंद असतो.