'विकत घ्या' म्हणजे नेमकं काय घ्या?
कुणी विचारेल की तर्कशास्त्र आणि भाषेचं तत्त्वज्ञान करणाऱ्याला ई-पुस्तकं नि गाण्यांच्या फायलींशी काय देणंघेणं? थोडं सांगतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सने 'टाइप' (मूळ नमुना) आणि 'टोकन' (त्याची एकेक प्रत) असा भेद केला. 'आई आई आई' यात शब्द किती? टोकनं मोजली तर तीन, टाइप मोजला तर एकच. छापील पुस्तक घेतलं की टोकन, म्हणजे हातातली ती प्रत, आपली होते. समासात खरडा, भाच्याला द्या, नाहीतर रद्दीत घाला. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली की प्रत नवीच, मग 'माझी प्रत' कुठली? त्यात विकणारा बहुधा प्रत देतच नाही, वाचायची परवानगी देतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची '१९८४' ही जुन्या नोंदी पुसून टाकणाऱ्या हुकूमशाहीवरची कादंबरी ग्राहकांच्या किंडलवरून (ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून) परस्पर काढून टाकली. पैसे परत केले म्हणा. (आणि पुस्तक नेमकं तेच निघावं!)

म्हणजे भांडण 'विकत' या शब्दाचंच. कॅलिफोर्नियात २०२५ पासून असा कायदा लागू आहे की नुसता परवानाच देत असाल, तर तसं स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' लिहायचं नाही. कायमची उतरवून ठेवता येणारी, नेटशिवाय चालणारी फाइल मात्र यातून वगळली आहे.