मदत हवी आहे: टॅली दुकानातच ठेवावं की क्लाउडवर?

हिशेबवही: टॅली प्राइम गोल्ड (एकाच वेळी अनेकांना चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे. सांगलीच्या दुकानात तीन संगणक लॅनवर (दुकानातल्या नेटवर्कवर), डेटा त्यातल्याच एकावर. आता तासगावच्या गोदामातूनही दोघांना बिलं करायची आहेत. डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हवर टाकावं, व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारी सुरक्षित वाट) घ्यावं की क्लाउडवर जावं?

लॅनकरी: ड्राइव्ह अजिबात नको. काम चालू असताना टॅलीच्या डेटा फाइली सतत बदलत असतात. ड्राइव्ह दोन्हीकडे वेगळी प्रत ठेवतो. दोघांनी एकदम नोंद केली की एकाची प्रत दुसऱ्याच्या प्रतीवर चढते, नाहीतर डेटाच बिघडतो.

नुसत्या व्हीपीएनवर फोल्डर शेअर करूनही भागत नाही. एक लेजर उघडायला फाइलींचे कितीतरी तुकडे मागवावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याची ये-जा लॅनपेक्षा कितीतरी सावकाश होते. 100 एमबीपीएसची लाइन घेतली तरी हा उशीर तसाच राहतो. शिवाय व्हाउचर सेव्ह होताना लाइन तुटली तर डेटा रिपेअर करत बसावं लागेल.

म्हणून जिथे डेटा तिथेच टॅली चालवा, गोदामात फक्त स्क्रीन न्या. क्लाउडवरची टॅली म्हणून विकतात तेही बहुधा हेच असतं: भाड्याचा विंडोज सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉप (दूरच्या संगणकाची स्क्रीन इथून चालवायची सोय). साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण बसतो, दोघांसाठी विंडोज सर्व्हर आणि आरडीएसचे (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचे) परवाने लागतील. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट उघडा टाकू नका, रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) बऱ्याचदा तिथूनच शिरतं. आधी व्हीपीएन, त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप.

हिशेबवही: दुकानात लाइट गेली तर?

लॅनकरी: गोदामही थांबेल. सर्व्हर, स्विच आणि राउटर, तिन्ही यूपीएसवर हवेत. उलट क्लाउडवर गेलात तर इंटरनेट बंद पडलं की गल्ल्यावरची बिलं थांबतील. जास्त बिलं दुकानात होत असतील तर सर्व्हर दुकानातच ठेवा, असं माझं स्पष्ट मत.

जमाखर्च: क्लाउड घ्यायचाच असेल तर आधी बिलाचा प्रिंटर जोडून बघा. रिमोट डेस्कटॉपमधून डॉट मॅट्रिक्सचा ड्रायव्हर जुळला नाही तर छापलेल्या ओळी सरकतात. जुन्या संगणकावरचं लायसन्स सरेंडर केल्याशिवाय नव्या सर्व्हरवर चालू होणार नाही. रोजचा बॅकअप स्वतःच्या डिस्कवर उतरवता येतो का, हेही लेखी घ्या.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणं 2022 पासून बंधनकारक आहे. एडिट लॉगही (नोंदीत कोणी काय बदललं याची टिपण) 1 एप्रिल 2023 पासून चालूच लागतो. सर्व्हर दुकानात असला तरी यातून सुटका नाही.